नासीर पेंटरचं अक्षर

कॉम्प्युटरच्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढायच्या, हा नियम मी माझ्या दुकानाला पहिल्या दिवसापासून लावला होता. जळगावची धूळ काय चीज आहे ते जळगावकरालाच ठाऊक. गिऱ्हाईकंही बिचारी नियम पाळत. जिन्यावर चपलांची रास लावत, पायपुसण्याला पाय घासत, आणि आत येऊन खिशातून कुठली तरी मळकट फ्लॉपी काढून माझ्या हातात देत. चपला बाहेर राहिल्या, रोग आत आला. १९९९ च्या एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी मी बटण दाबलं तर पडदा काळाठिक्कर. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की चालू करायला डिस्कवर काही सापडत नाही.

मी बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. हनुमंताला नारळ बोलले. मग रुपचंदला फोन लावला. हा रुपचंद म्हणजे आमचा मशीन दुरुस्त करणारा. पोरगा हुशार, पण जिभेला हाड नाही आणि आत्मविश्वास गाडाभर. तो आला, खोक्याचं झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "चेर्नोबिल. व्हायरस आहे, ताई. आजची तारीख धरून बसला होता. आमच्या दुकानातली सगळी मशीनं सकाळपासून आडवी आहेत. तुम्ही एकट्या नाही."

जणू काही पंगतीला बसवत होता. मी त्याला म्हटलं, गाव बुडालं म्हणून आपली भांडी तरंगत नाहीत.

पत्रिका, बिलबुकं, शाळेचे पेपर हे सगळं गेलं असतं तर मी शिव्या देत देत पुन्हा टाइप केलं असतं. मला घोर लागला तो नासीरभाईंच्या अक्षरांसाठी. ती त्या डिस्कवर होती, आणि ती गेली तर हा माणूस काय करेल, हे मला खरंच कळत नव्हतं.

नासीरभाई म्हणजे नासीर पेंटर. हात तयार झाला धुळ्याला, एका उस्तादाजवळ. पुढे मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यांच्या पाट्या रंगवता रंगवता सोनगीरला मुक्काम पडला, तिथलीच जमीलाभाभी करून आणली आणि जळगावला येऊन बसले. तीस वर्षं या शहराच्या दुकानांवर त्यांचंच अक्षर होतं. मराठी अक्षर, बरं का. रेघ अशी ओढत की उभं राहून बघत बसावं. भाभीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाटी दोघांची असे. हे बाहेरची रेघ काढून देत आणि ही अंगणात बसून आत रंग भरत असे. रेघेबाहेर एक थेंब जायचा नाही.

मग आमची मशीनं आली आणि पाट्या कमी झाल्या. एक दिवस ते माझ्या दुकानात येऊन उभे राहिले आणि सरळ म्हणाले, तुमचं मशीन मला खाणार. मी म्हटलं, मग त्याला तुमचं अक्षर शिकवू, खायचंच तर तुमच्या हातचं खाऊ दे. बोलून गेले खरी, पण त्यांनी ते मनावर घेतलं. जवळजवळ वर्षभर ते जाड कागदावर वितभर उंचीचं एकेक अक्षर काढत होते. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. मी आणि रुपचंदने ते स्कॅन करून, कडा घासूनपुसून मशीनमध्ये बसवलं. फॉन्ट तयार झाला तेव्हा मी 'नासीर पेंटर, जळगाव' असं टाइप केलं. पडद्यावर स्वतःचं अक्षर उमटताना बघून हा माणूस खुर्चीवरून उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसला. पुष्कळ वेळ आत आला नाही.

पुढच्याच पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. जीभ सावरली, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला. गेला म्हणजे हलायचा, नको इतका हलायचा. भाभी दवाखान्यात त्यांच्या उशाशी, आणि इकडे घराचे पत्रे गळले, पेटीत पाणी शिरलं. ती घरी आली तेव्हा ते अक्षरांचे कागद एकमेकांना चिकटून हिरवे झाले होते. तिने त्याचा दोष स्वतःला लावून घेतला. कितीही समजावलं तरी तिचं एकच म्हणणं, घर माझं, पेटी माझी, मग ओल कुणाची?

रुपचंदने त्या फॉन्टच्या फ्लॉप्या करून ठेवल्या होत्या. त्या भाभीने मागून घेतल्या आणि घरी नेल्या. दुकानात नको, म्हणाली, मी सांभाळते. आणि या शहाण्याने तिला जाता जाता सांगितलं, की भाभी, फ्लॉपीलाही बुरशी येते, ओलीपासून जपा.

त्या दिवसापासून नासीरभाई रोज माझ्या दुकानात येऊन बसू लागले. गिऱ्हाईक म्हणे, नासीर पेंटरचं अक्षर पाहिजे. मी टाइप करी आणि ते डाव्या हाताच्या बोटाने दाखवत, हे जरा अलीकडे, याला श्वास घेऊ द्या. गिऱ्हाईक त्यांना 'पेंटर' म्हणून हाक मारत असे. हात गेलेल्या माणसाला अजून पेंटर म्हणतात, यावर तो माणूस उभा होता. मला ते दिसत होतं.

रुपचंदने दोन वाटा सांगितल्या. एक, डिस्क काढून पुण्याला पाठवायची. तिथे मेलेल्या डिस्कमधून माल काढणारे आहेत, निघाला तर निघाला, महिना तरी जाईल. दोन, आत्ताच्या आत्ता फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क पार पुसून कोरी करायची, विंडोज नव्याने टाकायची आणि भाभीकडच्या फ्लॉप्यांवरून अक्षरं परत चढवायची. बॅकअप असताना पुण्याला कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं.

बोदवडच्या एका लग्नाची पत्रिका माझ्याकडे अडकली होती. लग्न तोंडावर, आणि त्या लोकांना नासीरभाईंचंच अक्षर हवं होतं. तरी मी म्हटलं, थांबू. पण नासीरभाईंचं तोंड उतरलेलं होतं आणि ते खाली गेले, रिक्षा केली, आणि भाभीला फ्लॉप्यांसकट घेऊनच आले.

भाभीने स्टीलचा डबा आणला होता. आत धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात फ्लॉप्या, एकावर एक. तिने डबा टेबलावर ठेवला आणि फडकं सोडलं. सोनगीरची असल्यामुळे ती आमच्याशी अहिराणीतच बोलायची.

"बठ्ठ्या शेतस," ती म्हणाली, म्हणजे सगळ्या आहेत. "एकलेबी ओल लागू दिधी नही मी."

चेहऱ्यावर असा आनंद, की त्या पावसाळ्याची सगळी भरपाई आज झाली.

रुपचंदने चालू करायची फ्लॉपी घालून मशीन कसंबसं जागं केलं आणि भाभीच्या फ्लॉप्या एकेक करून आत सारल्या. प्रत्येकीत फायलींची नावं भराभर पडद्यावर आली. सगळी नावं जागच्या जागी. तो म्हणाला, बघा, आहे की माल. मी म्हटलं, नाव दिसतंय, माल कुठे दिसतोय? बरणीवर साखर लिहिलंय म्हणून आत साखरच असते का? आधी हे कुठे तरी उतरवून बघ. तो म्हणाला, कुठे उतरवू? आमची मशीनं आडवी, तुमची डिस्क मेलेली. गावात आज शाबूत मशीन शोधायचं तर कलेक्टरकडे अर्ज करावा लागेल.

नासीरभाईंनी त्या नावांकडे बघितलं, भाभीकडे बघितलं. मग म्हणाले, "करा. बोदवडवाल्यांना माझ्यामुळे ताटकळायला नको."

भाभी निश्चिंत होऊन घरी गेली. दुपारचा डबा घेऊन येते, म्हणाली. पैज जिंकलेल्या बाईसारखी ती जिना उतरली.

पडद्यावर प्रश्न आला. डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? हो असेल तर वाय, नाही तर एन. रुपचंदचं बोट पुढे आलं, तेवढ्यात नासीरभाई म्हणाले, मी दाबतो. वाय कुठला ते मी दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने तो दाबला, आणि उजवा हात मांडीवर थरथरत होता तो तसाच थरथरत राहिला.

मग टक्के मोजत बसलो. मधेच वीज गेली. आमचे हे दीपनगरच्या वीजकेंद्रात शिफ्टला, साऱ्या महाराष्ट्राला वीज करून घालतात आणि बायकोच्या दुकानात अंधार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरचाच. बॅटरीची शिट्टी सुरू झाली आणि आम्ही तिघं श्वास धरून बसलो. बॅटरी संपायच्या आत वीज आली. फॉरमॅट झाला. विंडोजची सीडी घातली, तिच्या पाकिटावरचा लांबलचक नंबर रुपचंदने टाइप केला, एकदा चुकला, मी ओरडले, पुन्हा केला. निळा पडदा, पट्टी सरकतेय, मशीन बंद होतंय, चालू होतंय. खिडकीला ओला पडदा लावला होता तो तासाभरात वाळून कडक झाला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पडद्यावर ढग दिसले आणि विंडोज उघडली. मशीन नव्याने जन्मल्यासारखं कोरं. रुपचंदने दुकानातला नेहमीचा मराठी फॉन्ट सीडीवरून टाकला, बोटं मोडली आणि भाभीची पहिली फ्लॉपी आत घातली.

ड्राइव्ह घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला. मग पडद्यावर आलं, वाचता येत नाही.

होतं असं कधी कधी, म्हणत रुपचंदने ती काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. वाचता येत नाही. दुसरी घातली. थोडी वाचली आणि मधेच अडकली. तिसरी तर नुसती खरडत राहिली. त्याची बडबड बंद झाली तेव्हा मला भीती वाटली. हा पोरगा गप्प बसतो म्हणजे काही तरी भलतंच झालेलं असतं. सगळ्या घालून झाल्या. कुठल्या फ्लॉपीतून एखादी मात्रा निघाली, कुठल्या तरी अक्षराचा तुकडा. अख्खं असं एकही अक्षर नाही.

शेवटी त्याने एका फ्लॉपीचं लोखंडी झाकण सरकवलं आणि खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. आतली काळी चकती सपाट असायला हवी. तिला लाटा आलेल्या होत्या. बाहेरचं प्लास्टिकही एका कोपऱ्यात किंचित वाकलेलं. त्याने विचारलं, "नासीरभाई, या कुठे ठेवल्या होत्या? चुलीजवळ?"

नासीरभाईंनी ती फ्लॉपी हातात घेतली. वाकलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"गच्चीवर," म्हणाले. "बिबड्यांसोबत."

मला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात काय उन्हात जात नाही? ज्वारीचे बिबडे, कुरडया, वड्या, वर्षाचं तिखट, गहू, गाद्या, शालू. ऊन दाखवलं की वस्तूला कीड लागत नाही, ओल धरत नाही, हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. मी स्वतः त्याच आठवड्यात गच्चीवर चादर अंथरून कुरडया घातल्या होत्या. कागद ओलीने गेले म्हणून त्या बाईने फ्लॉप्या वाळवल्या. नासीरभाई सांगत होते, की दर उन्हाळ्यात ती स्वच्छ धोतर अंथरते, एका बाजूला बिबडे आणि एका बाजूला या फ्लॉप्या, चार बोटं अंतर सोडून. दुपारी जाऊन उलटवते. कावळा बसू नये म्हणून राखण करते. जळगावचं एप्रिल-मेचं ऊन, तापलेली गच्ची, आणि काळं प्लास्टिक. त्यांनी बघितलं होतं, त्यांनाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी बघितलं असतं तर मलाही वाटलं नसतं.

मी रुपचंदवर तुटून पडले. ओलीपासून जपा म्हणून सांगितलंस, उन्हापासून जपा म्हणून का नाही सांगितलंस? आणि कोरी करायची घाई कुणाला झाली होती? तो मान खाली घालून ऐकत होता. मी म्हटलं, आता डिस्क पुण्याला पाठव. त्याने मान हलवली. आता वरून नवं लिहिलं गेलं, खाली काही राहिलं नाही, म्हणाला. सकाळपर्यंत होतं. सकाळपर्यंत होतं, हे वाक्य त्याने उच्चारायला नको होतं.

छापलेल्या पत्रिकांवरून उचलू, असं मग तोच पुटपुटला. पण पत्रिकेवरचं बारीक अक्षर मोठं केलं की कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. त्या कडा नीट करणारा हात मांडीवर थरथरत पडला होता. आम्ही तिघांनीही त्या हाताकडे बघितलं आणि तिघांनीही नजर काढून घेतली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

नासीरभाई रडले नाहीत. त्यांनी फ्लॉप्या एकावर एक ठेवल्या, फडक्यात बांधल्या, डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली.

"तिला सांगायचं नाही," ते म्हणाले. "कागद गेले तेव्हा ती किती दिवस धड जेवली नव्हती, मला ठाऊक आहे. हे कळलं तर ती जगायची नाही. लताताई, तुम्ही काही तरी टाइप करा. कुठलंही अक्षर चालेल. तिला वाचता येत नाही."

मला खोटं बोलायचा कंटाळा आहे, आणि जमतही नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी खुर्चीवर बसले आणि दुकानातल्या त्या नेहमीच्या फॉन्टमध्ये, जो शंभर दुकानांत मिळतो त्यात, बोदवडच्या पत्रिकेचा मथळा टाइप केला. अक्षर मोठं केलं. बरं होतं अक्षर. सरळ, गुळगुळीत, कुणाचंच नसलेलं.

जिन्यावर चपला निघाल्याचा आवाज झाला. भाभी आत आली, हातात डबा, कपाळावर घाम. तिने कुणाला काही विचारायच्या आधीच नासीरभाईंनी पडद्याकडे बोट केलं. आवाज नेहमीसारखा काढला.

"देख जमीला, बठ्ठं मिळनं."

ती पडद्यापाशी गेली. पदराने तोंड पुसलं. बघत राहिली. रुपचंद उगाच वायर गुंडाळत होता. मी माझ्या नखांकडे बघत होते. तिची नजर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू गेली, आणि परत पहिल्याला आली.

"हा," ती म्हणाली. "तुम्हनाच हात शे."

मग तिने टेबलावरचं फडक्याचं गाठोडं उचलून स्टीलच्या डब्यात ठेवलं, जेवणाचा डबा नासीरभाईंच्या पुढ्यात सरकवला आणि निघते म्हणाली. थांबत नाही, बिबडे गच्चीवर आहेत. मी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. ती चपला घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. चपलेचा पट्टा धरून, माझ्याकडे न बघता बोलली.

"ताई, ते अक्षर त्यासनं नही शे."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. तीस वर्षं त्या अक्षरांच्या पोटात रंग भरला तिने. कुठे रेघ जाड होते, कुठे वळताना बारीक होते, हे तिच्या बोटांना माहीत होतं. आम्ही तिला वाचता येत नाही म्हणून फसवायला निघालो होतो.

"मी उनमा टाक्यात म्हनीसन ना?"

"नाही हो भाभी," मी म्हटलं. "व्हायरस होता. सगळ्या गावात आला."

ती उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझं खोटं तिने ठेवून घेतलं की टाकून दिलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"माले समजनं म्हनीसन त्यासले सांगू नका," ती म्हणाली. "त्यासनी मन्हासाठे इतलं करं."

आणि डबा पोटाशी धरून ती उन्हात उतरली.

मी आत आले. नासीरभाई माझ्याच तोंडाकडे बघत होते. तिला शंका आली का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटून 'अल्ला' म्हटलं आणि खुर्चीत मागे टेकले. अंगातली सगळी ताकद तेवढ्या एका वाक्यासाठीच धरून ठेवल्यासारखे ते एकदम म्हातारे दिसायला लागले. बोदवडवाल्यांना काय सांगायचं, हे मला विचारायचं होतं, पण ती वेळ नव्हती. रुपचंद पिशवी उचलून पैसे न मागता केव्हाच निघून गेला होता.

मग त्यांनी डबा उघडला. भाकरी, शेवभाजी, कांदा. डाव्या हाताने एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तो त्यांना गिळेना. पाणी घेतलं, गिळला. दुसरा मोडला. मी म्हटलं, नासीरभाई, राहू द्या, जबरदस्ती कशाला करता.

"डबा भरलेला गेला तर तिला कळेल," ते म्हणाले.

घास हातात धरून ते बसले होते आणि आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी भाजीत पडत होतं. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि डब्यातली अर्धी भाकरी उचलली.